चिंचेपर्यंतचं डांबर

शहापूरहून मुरबाडकडे जाताना एका ठिकाणी डाव्या हाताला फाटा फुटतो. आत गेलं की शाळा, पुढे ओढ्यावरची मोरी, आणि मोरीपलीकडे चढावर पंचवीसेक घरांचा पाडा. मोरीपासून पुढचा रस्ता मी केला, असं तिकडे म्हणतात. मी तो केलेला नाही. रस्ता रोलरवाला करतो, आणि पायाला बारदान गुंडाळून गरम मालात उभे राहणारे मजूर करतात. मी फक्त तपासतो. ठेकेदाराच्या डांबर प्लांटवर पत्र्याच्या एका खोलीत माझी लॅब आहे. खडी चाळायची, डांबराचं तापमान घ्यायचं, नमुना फोडून बघायचा आणि सही करायची. माझ्या सहीने कुठला रस्ता सुधारला असं मला आठवत नाही. पण सहीशिवाय डंपर हलत नाही, म्हणून सगळे मला साहेब म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात वरून आदेश आला की रस्त्याच्या डांबरात टाकाऊ प्लास्टिक वापरून बघायचं. मी कपाळाला हात लावला. कचरा करायचा शहरांनी आणि जिरवायचा आमच्या रस्त्यांत, असं मी प्लांटवर मोठ्याने बोललोही. नवीन काही आलं की आधी नाक मुरडायचं, हा माझा स्वभाव आहे. त्याबद्दल बायकोचं मत वेगळं लिहावं लागेल.

पण लॅबमध्ये करून बघितलं. घमेल्यात खडी चांगली तापवली आणि वरून दुधाच्या पिशव्यांचे बारीक तुकडे भुरभुरले. अर्ध्या मिनिटात तुकडे दिसेनासे झाले आणि प्रत्येक खडा तेल चोपडल्यासारखा चकाकू लागला. त्यावर डांबर घातलं, नमुना पाण्यात ठेवला. साध्या खडीवरचं डांबर पाण्यात राहून सुटायला लागतं. हे सुटेना. आमच्याकडे रस्ता मोडतो तो गाड्यांनी नाही, पाण्याने. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं की खेळ खलास. इथे पाण्याला शिरायला जागाच नव्हती, शिवाय डांबरही थोडं कमी लागत होतं. मी हट्टी आहे, आंधळा नाही. सही केली.

फाट्यावरचा रस्ता मोरीपर्यंतच मंजूर होता. मोरी ते पाडा हा तुकडा कुणाच्याच कागदावर नव्हता. तो प्रयोग म्हणून धरायचं ठरलं: पाड्यातल्या बायकांच्या बचत गटाने प्लास्टिक गोळा करायचं, धुऊन, निवडून, वाळवून द्यायचं, आणि त्या प्लास्टिकात जेवढा माल बसेल तेवढाच रस्ता करायचा. प्लास्टिक संपलं की रस्ता संपला. मे सरता सरता प्लांट बंद होतो, त्याच्या आत.

हे सांगायला मी शाळेच्या ओट्यावर गेलो. बायका आधीच जमल्या होत्या. गटाची अध्यक्ष उशिरा आली, कारण ती पाठीवर मुलगी घेऊन चढ उतरून आली होती. जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने बांधलेली मुलगी तिने सोडली आणि भिंतीला टेकवून बसवली. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल. तिचे पाय जन्मापासून गुडघ्याखाली बारीक होते, पण डोळे सगळीकडे फिरत होते आणि तोंडही. सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. गावातली शाळा इथे संपत होती आणि जूनपासून हायस्कूल, म्हणजे सकाळी लवकर रिक्षा.

"रिक्षावाला मोरीपरत येतो. त्याच्या पुढं त्याची गाडी चढत नाय," आई म्हणाली. "मोरीपासून घरापरत मीच रिक्षा."

बायका हसल्या. तीही हसली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, पोर वाढतेय. माझी पाठ काय वाढत नाय. रस्ता दारापरत आला त ही शिकंल. नाय आला त नाय."

"मी कमी जेवीन गो आई," मुलगी म्हणाली.

"तू गप."

मला तिथून निघायची घाई होती. जीपचा ड्रायव्हर रस्त्यावरून हॉर्न देत होता, कारण त्याला त्याच दिवशी आसनगावला कुणाला तरी सोडायचं होतं. प्लास्टिकच्या जाती मला बायकांना समजावून सांगायच्या होत्या. दुधाच्या, तेलाच्या, वाण्याच्या पिशव्या चालतात. पाइप, फ्लेक्सचे बॅनर, रेनकोट, गोळ्यांची पाकिटं चालत नाहीत, तापवली की त्यांचा विषारी धूर होतो. पण प्रत्येक तुकडा बघून जात ओळखायची म्हणजे वेळ जाणार. त्याला एक सोपी युक्ती असते: पाण्यात टाकायचं. चालणारं तरंगतं, न चालणारं बुडतं. मी हे सविस्तर सांगायला हवं होतं. टब मागवून करून दाखवायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुम्ही भाताचं बी पाण्यात टाकून निवडता ना?" मी म्हणालो. "अगदी तसंच. पाण्यात टाका, आपोआप वेगळं होतं. चांगलं ठेवा, वाईट काढा. झालं."

सगळ्यांच्या माना हलल्या. कुणी एक शब्द विचारला नाही. जीपमध्ये बसल्यावर मी ड्रायव्हरला वर ऐकवलं की माणसांना त्यांच्या कामातलं उदाहरण दिलं की पटकन समजतं. मी स्वतःवर बराच खूश होतो.

तीन आठवड्यांनी टेंपो प्लांटवर आला. पोती भरगच्च होती आणि त्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती. बायकांनी मेहनत घेतली होती हे दिसत होतं. कामाला जाणारी माणसं आसनगाव स्टेशनबाहेरून येताना एकेक पिशवी भरून आणत होती. तानसाकडे सहलीला येणारी मंडळी मागे जे ठेवून जातात, ते बायकांनी दोन रविवार जाऊन वेचलं होतं. मी पहिलं पोतं उसवलं आणि हात घातला. हाताला आली एक जाड, गुळगुळीत घडी. उलगडली तर एका पुढाऱ्याची अर्धी मिशी आणि जोडलेले हात. वाढदिवसाचा बॅनर, स्वच्छ धुतलेला, नीट चौकोनी कापलेला. त्याच्याखाली दुसरा पुढारी. मग पाइपचे तुकडे, बाटल्यांची बुडं, रेनकोटाची बाही, गोळ्यांची पाकिटं. मी सगळी पोती उसवली. एकात एकसुद्धा दुधाची पिशवी नव्हती.

तरी मी तांब्याची तार तापवून फ्लेक्सला लावली आणि ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे नक्की न चालणारं. खरं तर तार लावायची गरज नव्हती. मी फक्त वेळ काढत होतो, कारण काय झालं ते मला पहिल्या मिशीलाच समजलं होतं.

मी मुरबाडकडच्या भातशेतीच्या घरातला आहे. आमच्या घरी मृगाच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन, मूठभर मीठ विरघळवून त्यात बी सोडायचे. दाणा भरलेला असेल तर तळाला जातो. पोकळ असेल तर वर येतो. वर आलेलं पोचट आम्ही हाताने काढून टाकायचो, आणि तळाचं धुऊन, वाळवून पेरायचो. लहानपणी ते पोचट काढायचं काम माझ्याकडेच असे. तरंगतं ते टाकाऊ, बुडतं ते चांगलं. बायकांनी मी सांगितलं तेच तंतोतंत केलं होतं. पुढारी बुडाले म्हणून ठेवले आणि दुधाच्या पिशव्या तरंगल्या म्हणून फेकल्या.

मी मोटारसायकल काढून पाड्यावर गेलो. अध्यक्षबाई अंगणात सुपात काहीतरी पाखडत होती आणि मुलगी उंबऱ्यात बसून होती.

"तरंगलेलं सगळं कुठं टाकलंत?" मी विचारलं.

"पोचट ना? त्ये राबाला घातला," ती सहज म्हणाली. "टाकून काय करायचा? निदान जळंल तरी."

राब म्हणजे भाताची रोपं टाकायच्या आधी भाजायची जमीन. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. तिच्या घरामागे पाहिलं तर दोन वाफे काळे झालेले, अजून करपट वास येत होता. ज्या प्लास्टिकाने रस्ता दारापर्यंत यायचा, ते तिने स्वतःच्या हाताने पेटवलं होतं.

मी भडकलो. हे लिहिताना लाज वाटते, पण भडकलो. "एवढं साधं कळत नाही तुम्हाला? विचारता येत नव्हतं?" असं बरंच काही बोललो. आजूबाजूच्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

उंबऱ्यातून मुलगी म्हणाली, "तुमीच बोललात ना, भाताच्या बियासारखा करा."

"गप गो," आई म्हणाली. ती मुलीकडे न बघता माझ्याकडे बघत होती. "साहेब, किती दिस हायत अजून?"

"चार."

"सगल्यांचे राब नाय भाजले अजून. बऱ्याच जनींचे तसेच हायत." तिने सूप खाली ठेवलं. "चला गो."

पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही. लावलेला राब मोडणं ही आमच्याकडे कल्पनाही कुणी करत नाही. महिना-दीड महिना डोक्यावरून पाला आणि शेण वाहून तो रचलेला असतो. बायकांनी तो भर उन्हात हाताने उकरला, थर बाजूला केले आणि शेणात माखलेल्या पिशव्या एकेक करून ओढून काढल्या. मोरीखालच्या डोहात धुतल्या. या वेळी मी टबाशेजारी बसलो. तुकडा काठीने तळापर्यंत दाबायचा, मग सोडायचा, वर आला तर ठेवायचा.

"उलटाच हाय हा," एक म्हातारी म्हणाली. "आमच्यात हलक्याला किंमत नाय."

"रस्त्याला आहे," मी म्हणालो. त्यावर ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी टबात हात घालून काठी शोधायला लागलो.

मिळालं ते निम्म्याहून थोडं जास्त होतं. बाकीचं वाफ्यांत राख झालं होतं.

डांबर टाकायचा दिवस उजाडला तेव्हा प्लांट बंद व्हायला एक दिवस उरला होता. तापलेल्या खडीवर तुकडे पडत होते आणि खडी चकाकत होती. डंपर मोरी ओलांडून चढायला लागले. माल पडला, मजुरांनी पसरला, मागून रोलर फिरला. दर डंपरमागे मी लांबी मोजत होतो. टेपाचं एक टोक धरायला माणूस नव्हता, तेव्हा अध्यक्षबाई पुढे आली आणि तिने ते धरलं. दिवसभर ती टोक धरून मागे मागे सरकत होती. तिने मुलीला चढाच्या पायथ्याशी चिंचेखाली एका दगडावर आणून बसवलं होतं. गाडी जवळ आली की मुलगी टाळ्या वाजवायची.

शेवटचा डंपर चिंचेपाशी रिकामा झाला. तिथून वर घरांपर्यंत सुट्या दगडांचा उभा चढ होता, दोन-अडीचशे पावलांचा. सगळ्या वाटेत अवघड तेवढाच होता.

"संपला?" तिने विचारलं. टेपाचं टोक तिच्या हातात होतं.

"संपला."

"मंग आता?"

"उरलेलं नंतर करू," मी म्हणालो. पाहुणा निघाला की आपण 'पुन्हा या' म्हणतो, तसं म्हणालो. तिने मान हलवली आणि टोक माझ्या हातात दिलं. मग मुलीला पाठीवर बांधलं आणि चढायला लागली.

त्याच आठवड्यात अहवाल लिहायचा होता. काम ठरल्यापेक्षा कमी लांबीचं का झालं, या रकान्यात मी लिहिलं: स्थानिक महिला गटास वर्गीकरणाची पद्धत नीट न समजल्याने साहित्य अपुरे पडले. सुवाच्य अक्षरात लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी शांतपणे, चहा पीत देता येते. सही तर माझीच होती.

रस्त्याने मात्र नाव काढलं. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, पुढचेही गेले. शाळेपासून मोरीपर्यंतच्या साध्या डांबराचे खड्डे आम्ही दरवर्षी भरत होतो. मोरीपलीकडचं प्लास्टिकचं डांबर होतं तसंच राहिलं. मग लोक बघायला येऊ लागले. कधी अधिकारी, कधी कॉलेजची मुलं, कधी बाहेरगावचे ठेकेदार. मला पुढे करायचे, शाल द्यायचे. माझं नाव 'प्लास्टिकवाले साहेब' पडलं. नाक मुरडणाऱ्या माणसाला हे शोभत नव्हतं, पण मला ते आवडायला लागलं होतं.

दर भेटीत बायका टब मांडून निवड करून दाखवायच्या. अध्यक्षबाई काठीने तुकडा दाबायची, सोडायची आणि सांगायची, "पयल्या खेपेला आमची चूक झाली व्हती. आमी तरंगता टाकला नि बुडता ठेवला. आमाला कलला नाय." पाहुणे हसायचे. मी बाजूला उभा राहून रस्त्याची कड बुटाने तपासायचो. चूक कुणाची ते मला माहीत होतं, आणि मला वाटायचं की ते फक्त मलाच माहीत आहे.

रिक्षा चिंचेपर्यंत येत होती. उरलेला चढ आई मुलीला घेऊन चढत होती, उतरत होती. आठवी पूर्ण झाली. नववीत, ऐन पावसात, आईचा पाय दगडावरून सरकला. मुलीला काही झालं नाही, कारण आई तिला वर धरून खाली पडली. डॉक्टरने सांगितलं की मणका सरकलाय, यापुढे वजन उचलायचं नाही. हे मला पुढच्या पाहुण्यांच्या वेळी समजलं, ती कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत टबापाशी आली तेव्हा. मुलगी बरोबर नव्हती. "पोरगी?" मी विचारलं. "घरी," ती म्हणाली. मी पुढे काही विचारलं नाही, पाहुण्यांना उशीर होत होता.

या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा एक मंडळी येऊन गेली. त्यांच्या गाड्या वळल्या आणि मी मागे राहिलो. का राहिलो ते सांगता येणार नाही. वय झालं असेल. चिंचेपाशी डांबराची कड अजून सरळ होती, मी कापून घेतली होती तशी. तिथून वर चढायला लागलो. दोनदा थांबलो. मी रिकाम्या पाठीने चढत होतो.

मुलगी ओटीवर बसली होती. आता मुलगी म्हणवत नव्हतं, चांगली मोठी झाली होती. तिच्यासमोर दुधाच्या पिशव्यांचा ढीग होता आणि ती कात्रीने सराईतपणे त्यांचे तुकडे करत होती. तिने मला ओळखलं, पण कात्री थांबवली नाही. आई आतून पाणी घेऊन आली.

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "ताई, एक सांगायचं आहे. तेव्हाची चूक तुमची नव्हती. माझी होती. मीच उलटं सांगितलं. आणि अहवालात तुमच्या नावावर घातलं."

मला वाटलं होतं की ती चकित होईल, निदान रागावेल.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "तुमी बोललात तवा मी तितंच व्हते ना."

"मग इतकी वर्षं सगळ्यांसमोर आपली चूक म्हणून का सांगत होता?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "तुमचा नाव खराब झाला असता, तर उरलेला कोन करनार व्हता?" ती म्हणाली. "तुमी बोलला व्हता ना, नंतर करू."

त्या उरलेल्या तुकड्यासाठी मी एवढ्या वर्षांत एक अर्ज केला नव्हता, कुणाकडे तोंडी शब्दही टाकला नव्हता. नाव मात्र तिने सांभाळून ठेवलेलं मी पुरेपूर वापरलं होतं. मला माझी किळस आली.

ती कमरेला हात लावून उठली, ओटीवरून उतरली आणि दारातल्या दगडापाशी जाऊन उभी राहिली, जिथे चढ संपतो.

"बघ गो, मी बोललेले ना, येतील मोजायला," ती मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने हात पुढे केला. "काढा टेप. एक टोक मी धरते."

मी टेप आणला नव्हता.